मे महिन्यात गोधडी घेणारी आई, आणि १२५ ची गोळी खाऊनही न उतरणारा टीएसएच

तापीकाठची | १७ मे, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. मी जळगावला नोकरी करते, माहेर चोपडा तालुक्यात. परवा माहेरी गेले. दुपारचे दोन, बाहेर ४५ अंश, ओट्यावर पाय टेकवत नव्हता. कुत्री हौदाखालच्या ओलीत पसरलेली. आणि आई आतल्या खोलीत पंखा बंद करून गोधडी पांघरून झोपलेली! दादा (आम्ही वडिलांना दादा म्हणतो) ओसरीत घामाने निथळत बसलेले, कारण पंखा लावला की ती ओरडते.

आईचं वय ५८, वजन ६८ किलो. दोन वर्षांपूर्वी थायरॉईड निघाला, तेव्हा टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) ४२ होता. गोळी सुरू झाली ५० मायक्रोग्रॅमची. मग ७५, मग १००, जानेवारीपासून १२५. परवाचा रिपोर्ट : टीएसएच १८.६. डॉक्टर म्हणाले १५० करू. माझं डोकं चालेनासं झालंय. गोळी वाढतेय आणि बाई तिथल्या तिथेच.

चेहरा सकाळी सुजलेला असतो. आवाज घोगरा झालाय, फोनवर मावशी तिला दादा समजून बोलली. रात्री हाताला मुंग्या येतात, भाकरी थापताना बोटं बधिर होतात. पोट चार-चार दिवस साफ नाही. मध्ये कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं म्हणून त्याची गोळी लागली, तेव्हापासून पिंढऱ्या दुखतात. यंदा तिने बिबडे (ज्वारीचे पापड) घातले नाहीत. ज्यांना आमच्याकडचे उन्हाळे माहीत आहेत त्यांना कळेल मी काय म्हणतेय. दरवर्षी पहाटे चारला उठून घाटा शिजवणारी बाई.

काकू म्हणते आळशी झाली. दादा म्हणतात वय झालं. कुणाला असा अनुभव आहे का?

शेवभाजी | १७ मे, रात्री ११.१५

४५ अंशात गोधडी वाचून आधी हसू आलं, माफ करा ताई. मग बायकोची आठवण झाली आणि हसू गेलं. आमच्याकडे थंडी वाजणं नव्हतं, पाळी होती. दहा-दहा दिवस. हिमोग्लोबिन ८ वर आलं. वर्षभर लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, ढिम्म फरक नाही. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी पाळीसाठी टीएसएच तपासला तेव्हा कळलं. थायरॉईडचा पाळीशी संबंध असतो हे मला तोवर माहीत नव्हतं, पुरुषमाणसाला कोण सांगणार.

खापरावरची | १८ मे, सकाळी ७.०५

तापीकाठची, एक प्रश्न. आई गोळी कशी घेतात? म्हणजे अगदी तासातासाचं सांगा. 'उपाशीपोटी घेते' एवढं नको, ते सगळेच सांगतात.

का विचारते ते सांगते. माझे लागोपाठ दोन गर्भ तिसऱ्या महिन्यात गेले. सासरच्यांनी काय काय केलं ते इथे लिहीत नाही. नंतर तपासणीत टीएसएच ११ निघाला. गोळी सुरू केली तरी आकडा उतरेना, कारण मी गोळी आणि लोहाची कॅप्सूल एकत्रच गिळत होते. दोन्ही उपाशीपोटी घ्या म्हटलेलं, म्हणून दोन्ही उपाशीपोटी! लोहाला दुपारी हलवलं आणि सगळं सुरळीत झालं. मुलगा आता सहावीत आहे. त्याच्या वेळी दिवस राहिल्याचं कळलं त्याच आठवड्यात डॉक्टरांनी डोस वाढवला होता. पहिले तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, ते आईच्याच हार्मोनवर असतं. ज्यांना दिवस जाण्याची शक्यता आहे त्यांनी एवढं डोक्यात ठेवा, कळल्या दिवशी डॉक्टरांना फोन करा, तीन महिन्यांनी नको.

तापीकाठची | १८ मे, रात्री ९.३०

आज मुद्दाम फोन लावून बसले आणि उलटतपासणी केली. तर हे असं :

साडेपाचला उठते. गोळी तोंडात टाकते. 'कशाबरोबर?' म्हटलं तर म्हणाली पाण्याबरोबर. 'आणि चहा?' तर म्हणे गोळी घेते तेव्हा चुलीवर चहाच असतो ना, उकळेस्तोवर गोळी होते. म्हणजे पाच मिनिटं. चहा पूर्ण दुधाचा. चहासोबत बीपीची गोळी आणि गुडघ्यांसाठी दिलेली कॅल्शियमची मोठी पांढरी गोळी. त्याआधी ऍसिडिटीची, तीही उपाशीपोटी. एकूण चार गोळ्या सहा वाजायच्या आत. म्हणाली, 'एकदाच्या घेतल्या की दिवसभर डोक्याला ताप नाही.'

जुना स्टेथोस्कोप | १८ मे, रात्री ११.४०

खापरावरची यांनी अर्धं निदान केलंच आहे. मी निवृत्त आहे, नंदुरबार भागात ३५ वर्षं दवाखाना चालवला. आईंचे कागद पाहिलेले नाहीत, तेव्हा माझं म्हणणं तुमच्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न म्हणून घ्या.

आधी तो आकडा समजून घेऊ, कारण निम्मे घोळ तिथेच होतात. शेतात सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी) दमला, उठेनासा झाला, की मालक ओसरीतून हाका मारतो. सालदार जितका ढिम्म तितका मालकाचा आवाज मोठा. टीएसएच हा मालकाचा आवाज आहे. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. सालदार म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी, जेमतेम २० ग्रॅमची. म्हणून ग्रंथी मंद आणि आकडा मोठा. लोक 'थायरॉईड वाढला' म्हणतात तेव्हा खरं तर तो कमी पडलेला असतो. मग कुणीतरी 'वाढलाय तर गोळी बंद करा' असा सल्ला देतो आणि माणूस ऐकतो. असे रुग्ण मी पाहिलेत.

आता हिशेब. ज्याची ग्रंथी जवळजवळ पूर्ण बसली आहे त्याला रोज किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतात. ६८ किलोला धरा ११० च्या आसपास. तुमच्या आईंना १२५ मिळतात आणि तरी मालक ओरडतोय. म्हणजे गोळी लहान नाही, गोळी रक्तापर्यंत पोचत नाही. अशा वेळी १५० करण्याआधी वाट शोधायची असते की माल जातो कुठे.

रिकाम्या पोटीसुद्धा ही गोळी पूर्ण शोषली जात नाही, १०० मधले ७०-८० भाग जातात. त्यात चहा-दूध आलं की घटतं. कॅल्शियम आणि लोह तर तिला आतड्यातच धरून ठेवतात, त्यांच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर हवं. ऍसिडिटीची गोळी पोटातलं आम्ल कमी करते, आणि ही गोळी विरघळायला आम्ल लागतं. सोयाबीनचं पीठ खात असतील तर तेही बघा. गोळीनंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, पाण्याशिवाय काही नको.

आणि पिंढऱ्यांबद्दल. थायरॉईड मंद असला की यकृत रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उचलायला आळस करतं, ते आपोआप वाढतं. त्याच अवस्थेत कोलेस्टेरॉलची गोळी दिली तर स्नायू दुखण्याची शक्यता जास्त. आपल्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. बऱ्याचदा थायरॉईड जाग्यावर आला की कोलेस्टेरॉलही उतरतं.

शेवभाजी | १९ मे, सकाळी ८.१०

डॉक्टरसाहेब, सालदाराचं उदाहरण बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, 'मग मालक तुम्ही का?'

निसर्गमित्र_७० | १९ मे, सकाळी १०.२५

सगळे गोळीच्या मागे लागलात. एकदा सुरू झाली की जन्मभराची सवय. माझ्या ओळखीतल्यांना धन्याचं पाणी, सैंधव मीठ, कोबी-फ्लॉवर-बाजरी बंद, आणि कपालभाती एवढ्यावर फरक पडला. पांढरं मीठ हे विष आहे, ते आधी घरातून काढा.

खापरावरची | १९ मे, दुपारी १.००

सवय दारूची असते. ही गोळी म्हणजे जे शरीर बनवत होतं तेच बाहेरून देणं. चष्म्याला सवय म्हणता का तुम्ही?

जुना स्टेथोस्कोप | १९ मे, रात्री १०.१५

निसर्गमित्र, कपालभाती करा, धने प्या, त्याला माझी हरकत नाही. पण मिठाच्या बाबतीत मला गप्प बसवत नाही.

थायरॉईडचं हार्मोन बनतंच आयोडीनपासून. मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम, गरोदर बाईला २५० च्या घरात. मी डॉक्टर झालो तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हा नव्हता, तो १९९८ ला धुळ्यातून निघाला. सातपुड्यातल्या पाड्यांवर तेव्हा गळ्याला लिंबाएवढ्या, कधी पेरूएवढ्या गाठी घेऊन फिरणाऱ्या बाया दिसत. गलगंड. डोंगरउतारावरची माती पावसाने धुऊन धुऊन आयोडीन निघून जातं, मग त्या मातीत पिकलेल्यातही राहत नाही. आयोडीन मिळेना म्हणून मालक ओरडतो, सालदार बिचारा अंगाने फुगतो. सरकारने १९६२ मध्ये गलगंडाविरुद्ध देशभराचा कार्यक्रम सुरू केला, २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी आहे. ग्राहकाच्या हातात पडताना मिठात किमान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५) आयोडीन असायला हवं. एवढ्या खटपटीनंतर त्या गाठी दुर्मीळ झाल्या. आणि आता शहरातली शिकलेली मंडळी महागाचं गुलाबी सैंधव आणून पुन्हा तिथेच निघालीत. सैंधवात आयोडीन नावापुरतं असतं.

मात्र उलटही सांगतो. तुमच्या आईंचा आजार बहुधा मिठाच्या कमतरतेचा नाही. आज आपल्याकडे जास्त दिसतो तो हाशिमोटोचा प्रकार, शरीराची संरक्षक फौज चुकून स्वतःच्याच ग्रंथीवर चालून जाते. हाशिमोटो हे जपानी डॉक्टर, त्यांनी १९१२ मध्ये याचं वर्णन केलं. त्यात जास्तीचं आयोडीन खाऊन ग्रंथी परत उभी राहत नाही. म्हणून आयोडीनचे थेंब वगैरे कुणी सुचवले तर नको. साधं मीठ, साध्या प्रमाणात.

केळीवाला_रावेर | १९ मे, रात्री १०.५०

मग बाजरीचं काय? आमच्याकडे थंडीत बाजरीची भाकरी आणि उडदाची डाळ सोडून माणूस काय खाईल?

जुना स्टेथोस्कोप | १९ मे, रात्री ११.०५

खा हो. बाजरीत थायरॉईडला अडवणारे घटक आहेत हे खरं, पण ते नडतात जिथे आयोडीनही कमी आणि पोटात दुसरं काहीच नाही तिथे. आयोडीनचं मीठ खाणाऱ्या घरात दोन भाकरींनी काही होत नाही. कोबी-फ्लॉवर शिजला की त्याचा जोर आणखी उतरतो. फक्त बाजरीच्या भाकरीत सैंधव घालू नका म्हणजे झालं!

धुळ्याना_भो | २० मे, सकाळी ६.४०

ताई, मन्ही मायलेबी आसंच व्हयेल व्हतं. गावना लोके म्हनेत बाहेरनं लागनं. भगतकडे लई गऊत, नारय फोडं, कोंबडं दिधं. शेवट दवाखानामा नेलं तं थायराइड निंघनं. आते रोज सकायले गोयी लेस, बरी शे. तुमन्ही मायबी बरी व्हई, काळजी करू नका.

पाचोऱ्याची_सून | २० मे, दुपारी ३.२०

मी कधी लिहीत नाही, वाचतेच. पण 'काकू म्हणते आळशी झाली' यावर थांबले.

माझ्या सासूबाई चार वर्षं अशा होत्या. बोलणं कमी, हसणं बंद. टीव्हीसमोर बसायच्या पण पाहत नसायच्या. विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागायचा की आम्ही पुढे निघून जायचो. गॅस बंद करायला विसरायच्या. नणंद म्हणाली नाटकं आहेत. मीही मनात म्हणालेच, खोटं कशाला बोलू. मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी पहिल्या भेटीत औषध न देता रक्त तपासायला सांगितलं. टीएसएच १०० च्या वर. गोळी सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी एकदा स्वयंपाकघरातून ओरडल्या, 'पोहे खारट कोणी केले?' आणि आम्ही दोघी जावा एकमेकींकडे बघत राहिलो. किती दिवसांनी त्यांनी कुणाला तरी झापलं होतं.

हा आजार इतका हळूहळू येतो की घरच्यांना तो स्वभाव वाटायला लागतो.

तापीकाठची | २० मे, रात्री ९.००

पाचोऱ्याची_सून, तुमचं वाचून रडले. काकूला पाठवलंय. वाचलंय, उत्तर नाही.

लॅबवाला | २१ मे, सकाळी ११.३०

रोज ही रक्तं तपासतो म्हणून चार गोष्टी लिहितो.

टीएसएच दिवसभरात खालीवर होतो, रात्री-पहाटे जास्त, दुपारी कमी. म्हणून दरवेळी एकाच लॅबमध्ये, साधारण एकाच वेळी द्या. एकदा सकाळी सातला भुसावळात आणि एकदा दुपारी तीनला जळगावात, असं करून 'रिपोर्ट चुकला' म्हणू नका. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबा. ही गोळी शरीरात सावकाश साठते, निम्मी उतरायलाच आठवडा लागतो. पंधरा दिवसांनी तपासणं म्हणजे आमचा धंदा वाढवणं.

अजून एक, आणि हे फार होतंय. केसगळतीसाठी ज्या गोळ्या लोक स्वतःच आणतात त्यात बायोटिन असतं. शरीराला रोज लागतं ३० मायक्रोग्रॅम, त्या गोळीत ५,००० ते १०,०००. आमच्या बऱ्याच मशीनची तपासणीची पद्धतच बायोटिनवर चालते. त्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-४ (थायरॉईडचं हार्मोन) खोटा जास्त दिसू शकतो. थायरॉईड मंद असला की केस गळतात, केस गळले की ही गोळी, आणि ही गोळी खाल्ली की रिपोर्ट फसवा. दोन-तीन दिवस आधी बंद करा, आणि रक्त घेणाऱ्याला सांगा.

तापीकाठची | २१ मे, दुपारी १२.०५

अहो भाऊ! आईचं बघून मी गेल्या महिन्यात स्वतःचाही टीएसएच केला होता. ०.२ आला, आणि मला वाटलं मला आईच्या उलटा आजार झाला. रोज केसांची गोळी घेते. चार दिवस सोडून परत करते.

(नंतर भर : २.४ आला. पंधरा दिवसांची झोप फुकट गेली होती.)

मेडिकल_अमळनेर | २१ मे, रात्री १०.००

सगळ्यांनी पोटातलं बघितलं. मी पोटात जायच्या आधीचं विचारतो. गोळ्यांची बाटली ठेवता कुठे?

आमच्या दुकानात उन्हाळ्यात एसी बंद पडला की मला घाम फुटतो तो गरमीने नाही. ही गोळी उष्णता, उजेड आणि ओल तिन्हींना नाजूक असते. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, २५ नाहीतर ३० अंशांखाली ठेवा. खानदेशात मार्च ते जून घरातली कुठली जागा ३० च्या खाली असते ते सांगा. तीन-तीन महिन्यांचा साठा लोक एकदम नेतात आणि गाडीच्या डिकीत टाकून फिरतात.

तापीकाठची | २२ मे, रात्री ९.४५

मेडिकलभाऊ, आज दादांना बघायला लावलं. ऐका.

फेब्रुवारीत दादा जळगावहून एकदम चार बाटल्या घेऊन गेले, 'परत परत कोण जाईल' म्हणून. आईला बाटलीचं झाकण उघडायला जड जातं (बोटं बधिर!), म्हणून ती एकदम मूठभर गोळ्या काढून जुन्या स्टीलच्या कुंकवाच्या डबीत ठेवते. ती डबी चुलीच्या वरच्या देवळीत. वर पत्रे. बाकीच्या बाटल्या त्याच भिंतीला फळीवर. पाच वर्षांपूर्वीपर्यंत आमचं धाब्याचं (मातीच्या जाड छताचं) घर होतं, उन्हाळ्यात आत गारवा असायचा. सगळ्यांनी मिळून ते पाडलं आणि मोठ्या हौसेने पत्रे टाकले.

दादांनी आज भिंतीला हात लावला आणि म्हणाले, 'ही तर भट्टी आहे गं.'

केळीवाला_रावेर | २२ मे, रात्री १०.१०

कुंकवाच्या डबीतून गोळी. धन्य ती माऊली.

जुना स्टेथोस्कोप | २२ मे, रात्री ११.३०

मेडिकलभाऊंना दंडवत. ३५ वर्षांत मी किती रुग्णांना 'बाटली कुठे ठेवता' विचारलं असेल? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आता एक धोका, आणि तो गंभीर आहे. समजा उद्यापासून ताजी बाटली, नीट ठेवलेली, नीट वेळेला, कॅल्शियम लांब. मग हीच १२५ पूर्ण पोचायला लागेल आणि त्यांना जास्त होऊ शकेल. छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडणं. या वयात जास्त हार्मोनने हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडं ठिसूळ होतात. त्यामुळे सगळी हकिकत, कुंकवाच्या डबीसकट, तुमच्या डॉक्टरांना सांगा. १५० तर नकोच, कदाचित ते कमी करून बघतील.

सकाळी जमतच नसेल तर रात्री झोपतानाही घेता येते, जेवणानंतर तीन तास गेलेले असले की. खेड्यात सातला जेवतात, दहाला झोपतात, उत्तम बसतं. फक्त कॅल्शियम मग सकाळी.

आणि सगळं सुधारूनही आकडा नाही उतरला, तर पोटाचा आजार, गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडणं (सीलिॲक), जठराची सूज हे बघावं लागतं. पण ते नंतर.

चेहऱ्याची सूज, घोगरा आवाज, बधिर बोटं ही एकाच कारणाची लेकरं. त्वचेखाली, स्वरतंतूत, मनगटाच्या बोगद्यात एक चिकट पदार्थ पाणी धरून बसतो. त्या सुजेवर बोट दाबलं तर खड्डा पडत नाही. आमच्या वेळी आम्ही घोट्यामागच्या शिरेवर हातोडी मारून बघायचो, पाऊल झटक्यात पुढे जायचं आणि परत यायला मात्र रेंगाळायचं. आता कुणी हातोडी काढत नाही. १८९१ मध्ये इंग्लंडात मरे नावाच्या डॉक्टरने अशाच एका बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला, आणि ती पुढे जवळजवळ २८ वर्षं जगली. मेंढीवर! आपल्याकडे तर तयार गोळी आहे, फक्त देवळीतून काढायची.

शेवभाजी | २३ मे, सकाळी ९.००

डॉक्टरसाहेब, वजनाचं राहिलं. बायको म्हणते १५ किलो थायरॉईडने वाढलं.

जुना स्टेथोस्कोप | २३ मे, सकाळी ९.४०

थायरॉईडने सहसा दोन ते पाच किलो, त्यातही बरंचसं पाणी आणि मीठ. उरलेल्या दहा किलोंचं उत्तर तुमच्या टोपणनावात आहे.

वहिनी_शहादा | २४ मे, रात्री ८.१५

मध्येच विचारते. भाचीला परवा मुलगी झाली, तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्त घेतलं थायरॉईडसाठी. घरातली म्हातारी माणसं चिडलीत. एवढ्याशा जिवाला कशाला?

जुना स्टेथोस्कोप | २४ मे, रात्री ८.५०

चिडू द्या, रक्त घेऊ द्या. हजार-बाराशे बाळांत एखादं बाळ ग्रंथी कामच करत नाही असं जन्मतं. पहिले काही दिवस ते अगदी सशक्त दिसतं. गोळी पहिल्या पंधरवड्यात सुरू झाली तर ते इतर मुलांसारखं शिकतं. उशीर झाला तर बुद्धीचं जे नुकसान होतं ते पुढे कुठल्याही डोसने भरून येत नाही. मोठ्यांचा टीएसएच दोन महिने इकडेतिकडे झाला तरी चालतं, बाळाचा नाही.

निसर्गमित्र_७० | २५ मे, सकाळी ७.३०

मामींचा (वय ७६) टीएसएच ६.२ आला आहे. टी-४ बरोबर आहे. काही त्रास नाही. गोळी चालू करायची म्हणतात. इथे सगळे गोळीवाले आहेत म्हणून मुद्दाम विचारतो.

जुना स्टेथोस्कोप | २५ मे, सकाळी ८.२०

आणि मी सांगतो, घाई करू नका. वय वाढलं की टीएसएच थोडा वर सरकतोच. १० च्या खाली, टी-४ बरोबर, त्रास नाही, अशा ७६ वर्षांच्या बाईला बहुतेक वेळा फक्त दोन-तीन महिन्यांनी परत तपासतात. तेवढ्यात सैंधव बदलून साधं मीठ आणा.

निसर्गमित्र_७० | २५ मे, सकाळी ८.३१

बघतो.

तापीकाठची | १० जून, रात्री ९.२०

कळवायचं राहिलं. डॉक्टरांना सगळं सांगितलं. कुंकवाची डबी ऐकून ते हसले, मग गंभीर झाले. १५० चं पान फाडलं आणि १०० लिहून दिली, रात्री दहाला. कॅल्शियम सकाळच्या जेवणाबरोबर. कोलेस्टेरॉलची गोळी तूर्त थांबवलीय, दोन महिन्यांनी बघू म्हणाले. चारही जुन्या बाटल्या दादांनी उकिरड्यावर टाकल्या, आणि आई 'पैशांच्या गोळ्या' म्हणत दिवसभर कुरकुरत होती.

अजून काही फरक नाही. म्हणजे गोधडी आहे. पण पाऊस पडला एकदा.

पाचोऱ्याची_सून | ११ जून, दुपारी २.१०

आम्हालाही पहिले तीन आठवडे काही दिसलं नव्हतं. आधी पोट सुधारलं. मग चेहरा. केस सगळ्यात शेवटी, त्यांना सहा महिने लागले.

तापीकाठची | १९ ऑगस्ट, रात्री १०.३०

मंडळी, टीएसएच ३.१. शंभरच्या गोळीवर! १२५ वर जो १८ च्या खाली येत नव्हता तो. वाईट कोलेस्टेरॉल १७८ होतं ते १२९ झालं, गोळीशिवाय. वजन तीनच किलो उतरलं (डॉक्टरसाहेबांचा हिशेब बरोबर). बोटांच्या मुंग्या अजून आहेत, पण रात्री झोप मोडत नाही.

आणि कानबाई (आमच्याकडचा श्रावणातला देवीचा सण) झाल्या आमच्याकडे. गेल्या वर्षी आईने सगळं जावांवर सोडलं होतं, पाटाजवळ नुसती बसून होती. यंदा रोटांचे (कानबाईच्या प्रसादाचे) गहू तिने स्वतः निवडले, दळण तिने आणलं. जागरणाच्या रात्री मी एक वाजता आडवी झाले. पहाटे जाग आली तेव्हा बायकांच्या गाण्यात तिचा आवाज ऐकू आला, अजून जरासा खरखरीत. काकू तिच्या शेजारी टाळ्या वाजवत होती. काकूने त्या लिहिण्याबद्दल अजूनही एक शब्द काढलेला नाही, पण मला जळगावला परत निघताना पुरणपोळ्यांचा डबा बांधून दिला.

मेडिकल_अमळनेर | २० ऑगस्ट, सकाळी ९.१५

वा! पण मुद्द्याचं राहिलं. बाटली आता कुठे आहे?

तापीकाठची | २० ऑगस्ट, सकाळी ९.४०

माठाच्या घडवंचीखाली. तिथे सगळ्यात गार असतं ना.

मेडिकल_अमळनेर | २० ऑगस्ट, सकाळी ९.४२

अहो ताई, ओल!! माठाखाली ओल असते! काढा आधी तिथून.

तापीकाठची | २० ऑगस्ट, दुपारी १.०५

काढली. आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटात, लुगड्यांच्या घडीखाली. त्या खोलीला पत्र्याखाली छत मारून घेतलंय. आई म्हणते, 'नवऱ्यापासून पैसे लपवले तिथेच आता गोळ्या लपवायच्या का?'